अठरा किलोची पकड

४ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार. तुझं पत्र पोचलं. कानाचं नवं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तू ते डब्यात घालून ठेवलंस, हे वाचून ही खूप हसली. मला हसू आलं नाही. म्हणजे फोन आता कायमचाच बंद. असो, पत्रं तरी येत राहतील.

इकडची एक बातमी. आमच्या कार्यशाळेने नव्या वर्षापासून विमा कंपनी बदलली. माझं इंजेक्शन नव्या कंपनीकडून थेट मिळत नाही. आधी तीन महिने साध्या गोळ्या घ्यायच्या, त्या लागू पडल्या नाहीत तर मग पुढचं बोलायचं. मी त्यांना सांगितलं, की आठ वर्षांपूर्वी ह्याच गोळ्या सहा महिने घेऊन झाल्या आहेत. तेव्हाच्या डॉक्टरांनीच त्या बंद करून इंजेक्शन सुरू केलं. त्यांनी कागद मागितला. ते डॉक्टर वारले, दवाखाना विकला गेला, तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. कागद कुठून आणू?

दर दुसऱ्या गुरुवारी फ्रिजमधून इंजेक्शन काढायचं, अर्धा तास टेबलावर ठेवायचं आणि मांडीत टोचून घ्यायचं, हा आठ वर्षांचा नेम सुटला. फ्रिजच्या दारातली ती जागा हिने लिंबांना दिली.

काळजी करू नको. सांधे थोडे कुरकुरतात, एवढंच. कंपनीकडून दर महिन्याला एक फॉर्म येतो. त्यात शून्यापासून दहापर्यंत आकडे छापलेले असतात, आणि दुखणं जेवढं असेल त्या आकड्याभोवती गोल करायचा. मी तीनवर केला.

काम चालू आहे. गेल्या आठवड्यात धान्याच्या एका गोदामातला मोठा वजनकाटा नापास केला. दोनशे किलोमागे सहाशे ग्रॅम जास्त दाखवत होता. मालक म्हणाला, "साहेब, एवढ्याशाने काय होतंय?" मी काट्यावर लाल चिठ्ठी चिकटवली आणि निघालो.

धाकटा

१३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचायच्या आधी मी नुसतं पाहिलं. तुझं अक्षर मुंगीएवढं. एका पानात तू घरदार, ऑफिस आणि वरून अध्यात्म बसवतोस. ह्या वेळी दोन पानं लागली आणि अध्यात्म नव्हतंच. ओळी उतरत्या आहेत. पेनाला काही गुंडाळलंयस का? उत्तर दे. उत्तरात "काळजी करू नको" हे शब्द नकोत.

तीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं म्हणून सांगते, टाइप केलेल्या कागदावरून माणूस कण्हत होता की गात होता ते कळत नाही. म्हणून तर तुला मोबाइलवर लिहू देत नाही मी.

आठ वर्षांपूर्वी मी महिनाभर तुझ्याकडे राहिले होते. तू चहाचा कप दोन्ही मनगटांत धरून प्यायचास आणि मी बघायला लागले की खिडकीबाहेर बघायचास. शरीर स्वतःच्याच सांध्यांना शत्रू समजून चावतंय, असं त्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. तेव्हाचा आकडा कोणता रे होता? तीनच?

कंपनीचा एकही कागद फेकू नको. पाकिटंसुद्धा ठेव, त्यांच्यावर तारखेचा शिक्का असतो.

ताई

८ मार्च

ताई,

वाकून नमस्कार. हो, पेनाला कापड गुंडाळलंय. धरायला बरं पडतं. थंडीच्या दिवसांत असं होतंच, ऊन वाढलं की सुटेल.

गोळ्या चालू आहेत. नव्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. एकेक सांधा दाबून बघतात आणि लिहून ठेवतात. दुसरा फॉर्म भरून पाठवला. ह्याही वेळी तीन.

खरं सांगायचं तर तो फॉर्म हातात आला की मला लाज वाटते. रोज सकाळी देवापुढे बसतो, तिथेही आजवर कधी दुखण्याबद्दल तक्रार केली नाही. जे आहे ते त्याला दिसतंच. मग एका अनोळखी कंपनीच्या कागदापुढे काय म्हणून रडायचं? आपल्याला घरात तसं शिकवलेलं नाही.

तुझ्या गुडघ्यांचं कसं आहे?

धाकटा

(ह्याच पाकिटात, वेगळ्या कागदावर)

वन्सं, ह्यांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते. ह्यांना सांगू नका. सांगितलंत तरी चालेल.

शर्टाची बटणं मी लावते. सहाला उठतात, पण साडेआठ वाजेपर्यंत मूठ वळत नाही. गोळ्या शनिवारी घ्यायच्या असतात, मग सगळा रविवार मळमळण्यात जातो. परवा एका दुकानातून वजनकाटा परत आला. त्याला लावलेलं शिशाचं सील नुसतं ओढलं तर तारेवरून निघून आलं. ते ह्यांनीच दाबलेलं होतं. खिशात घालून घरी आणलं आणि देवाच्या फळीवर ठेवलंय. त्यावर एक शब्द बोललेले नाहीत. तुम्ही बोला.

२४ एप्रिल

ताई,

नमस्कार. तुझ्या मधल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावू नको.

तीन महिने पुरे झाले. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनसाठी दोन पानी पत्र लिहिलं. किती सांधे सुजलेत, रक्तात काय दिसतंय, सगळं. कंपनीचं उत्तर आलं, त्याची नक्कल सोबत पाठवतो. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालंय: "रुग्णाने स्वतः नोंदवलेल्या आकड्यांवरून (३, ३, ३) सध्याचे औषध परिणामकारक असल्याचे दिसते. सबब विनंती नामंजूर."

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. आमच्या कामात काटा तपासून झाला की त्याला तार ओवून शिशाचं सील लावतात आणि पकडीने दाबतात. सील घट्ट बसायला हाताचा अठरा किलो दाब लागतो. म्हणून दर जूनमध्ये आम्हा सगळ्यांच्या हातांची तपासणी होते. पकड मोजायचा एक काटा आहे, तो तीनदा दाबायचा आणि सर्वांत कमी आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. अठराच्या खाली गेला तो माणूस सील लावू शकत नाही. ज्याला सील लावता येत नाही तो तपासनीस कसला? माझा हात अठराच्या जवळपासही नाही.

नोकरी गेली की विमाही जाईल. तरी मनात येतं की जूनच्या आधी आपणच राजीनामा द्यावा. एकोणीस वर्षांनी नापास होऊन बाहेर पडण्यापेक्षा ते बरं. देवाची तशी इच्छा असेल तर तसं.

धाकटा

१ मे

धाकट्या,

नामंजुरीचं पत्र मी तीनदा वाचलं. कोर्टात ह्याला कबुलीजबाब म्हणतात. आरोपीला कुणी हातसुद्धा लावला नाही आणि त्याने स्वतःहून लिहून दिलं: तीन, तीन, तीन. कंपनी बेरकी आहे, ते बघू. पण हत्यार तिला तू दिलंस.

त्या गोदामवाल्याला सहाशे ग्रॅमसाठी लाल चिठ्ठी लावलीस ना? आणि स्वतः दर महिन्याला पाच आकडे कमी दाखवत होतास, त्याला काय लावायचं? "एवढ्याशाने काय होतंय" हे कोण म्हणालं होतं, तो की तू?

तुझ्या बायकोने मला सगळं कळवलंय. बटणं, रविवार, फळीवरचं सील. तिला एक शब्द बोललास तर मी येऊन बसेन, आणि मी आले की महिनाभर हलत नाही हे तुला माहीत आहे.

आई कण्हत नसे. आपल्याला त्याचा केवढा अभिमान! पोटात दुखतंय हे तिने सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. आपण दोघं तिच्या उशाशी बसून होतो. ते शिक्षण पुरे आता.

आणि देवाला ह्यात ओढू नको. त्याच्यापुढे तीन म्हणालास तरी त्याला आठच ऐकू जातं. कंपनीला तसे कान नाहीत. मला तर यंत्र लावूनही नाहीत.

राजीनाम्याचं नाव काढायचं नाही. पत्राच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, अपिलाला साठ दिवस आहेत. तू ते वाचलं नसशीलच, अपमान झाला की तुला अक्षरं दिसत नाहीत. मजकूर तू पाठव, टाइप मी करते. मात्र मला "असह्य वेदना" असले शब्द नकोत. असले शब्द मी तीस वर्षं टाइप केले, न्यायाधीश त्या ओळीला पान उलटायचे. तू माप घेणारा माणूस आहेस. माप दे.

ताई

२७ मे

ताई,

वाकून नमस्कार, आणि ह्या वेळी मनापासून.

तुझं पत्र वाचून तीन दिवस मी तुझ्यावर चिडून होतो. हिच्यावरही. चौथ्या दिवशी सकाळी देवापुढे बसलो. हात जोडले तर बोटं सरळ होईनात, दोन्ही पंजे लोखंडी आकड्यांसारखे एकमेकांत अडकले. समोर ते सुटलेलं सील. पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, "फार दुखतंय." बाहेर ही केर काढत होती. केरसुणीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्या दिवसापासून मोजतोय. स्प्रिंगच्या एका जुन्या काट्याला दोन दांड्या बसवल्या आणि पकडीचं माप घ्यायचं साधन तयार केलं. कार्यशाळेतल्या काट्याशी ताडून पाहिलं, फरक शंभर ग्रॅमच्या आत. रोज सकाळी सहाला आणि दहाला, प्रत्येकी तीनदा, सर्वांत कमी आकडा धरायचा. आधी आणि नंतर प्रमाणित वजन लावून साधन तपासायचं. वीस दिवसांच्या नोंदी सोबत आहेत. सहाला सरासरी चार किलो, दहाला सात.

ह्या नोंदी घेताना एक गोष्ट लक्षात आली. कागद नाही, कागद नाही म्हणून मी रडत होतो, आणि कागद आमच्याच कपाटात होता. पकडीचं रजिस्टर! दर वर्षीचा माझा हात त्यात लिहिलेला आहे. पण रजिस्टर मोठ्या साहेबांच्या कुलपात असतं. ते मागायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. दोन दिवस दाराशी जाऊन परत आलो. तिसऱ्या दिवशी आत गेलो.

साहेबांनी पानं उलटली. "आठ वर्षांपूर्वी नऊ किलो. आठवतंय, तेव्हा नापास झालेल्याला टेबलावरचं काम देता यायचं. तू सहा महिने तिथे होतास."

"तेव्हा ह्याच गोळ्या चालू होत्या, साहेब. पुढच्या वर्षी बघा."

"सत्तावीस. मग तीस. एकतीस. गेल्या जूनमध्येही तीस." त्यांनी चष्मा काढला. "आणि आज?"

मी काटा दाबला. काटा सातवर जाऊन थरथरत राहिला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली."

"ती परत आलेली सीलं मला दिसत नव्हती असं वाटलं तुला? म्हटलं, हा स्वतः कधी सांगतोय ते बघू. गाढवा." मग नकलांवर सही करता करता म्हणाले, "अठराचा नियम माझ्या हातात नाही. तपासणीची तारीख मात्र मी ठरवतो. तुझी ऑक्टोबरात. तोवर काटे तू तपास, सील दुसरा कुणीतरी दाबेल. ऑक्टोबरात मात्र मी डोळे मिटणार नाही."

"मिटूही नका," मी म्हणालो.

मजकूर खाली देतो. बघ जमलाय का.

धाकटा

(सोबतचा मजकूर)

विमा कंपनीच्या अपील विभागास,

मी वजनकाटे तपासण्याचं काम एकोणीस वर्षं करतो. आपल्या फॉर्मवरचा शून्य ते दहा हा काटा मी तपासला. त्याला कोणतंही प्रमाणित वजन नाही. त्याचा दहा कुठे येतो हे कुणालाच माहीत नाही. वापरणारा माणूस लाजला की तो कमी दाखवतो. असा काटा एखाद्या भाजीवाल्याकडे सापडला असता तर मी त्यावर लाल चिठ्ठी लावली असती. आपल्या फॉर्मवर ती लावून सोबत पाठवत आहे.

मी तीनदा दिलेला तीन हा आकडा खोटा होता. चूक माझी आहे, ती मी कबूल करतो आणि ते आकडे मागे घेतो. त्यांच्या जागी वीस दिवसांच्या नोंदी ठेवतो. साधन माझ्या घरी आहे, कृपया आपला माणूस केव्हाही पाठवून तपासून घ्यावं.

आठ वर्षांपूर्वी ह्याच गोळ्यांवर माझी पकड नऊ किलो होती. इंजेक्शनवर सत्तावीस ते एकतीस. आज पुन्हा गोळ्यांवर सात. रजिस्टरच्या सहीशिक्क्याच्या नकला जोडल्या आहेत. जे एकदा नापास ठरलं आहे ते मला पुन्हा नापास करून दाखवायला लावलंत, आणि त्यात माझे चार महिने गेले. आता कृपया निर्णय द्यावा.

आपला नम्र

५ जून

धाकट्या,

मजकूर टाइप करून रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोचपावती आली की तुला पाठवते.

लाल चिठ्ठी काढून टाकावी असं आधी वाटलं. आमच्या कोर्टात असं कुणी केलं असतं तर वकिलांनी कपाळाला हात लावला असता. मग चहा केला, पुन्हा वाचलं आणि ठेवली. दोन ठिकाणी तू "कृपया" लिहिलं होतंस, तेवढं काढलं. शेवटी "आपला नम्र" होतं. त्यातलं "नम्र" काढलं.

त्या साहेबांना माझा नमस्कार सांग. गाढव म्हणाले त्याबद्दल विशेष.

ताई

२६ जून

ताई,

वाकून नमस्कार. परवा कंपनीच्या डॉक्टरणीचा फोन आला. आवाजावरून तरुण वाटली. हिने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"काका, ती लाल चिठ्ठी तुम्हीच लावलीत?"

"हो."

"आमच्या ऑफिसात ती सगळ्यांनी बघितली." हसली की काय ते कळलं नाही. मग म्हणाली, "चार किलो म्हणजे नक्की काय, मला समजेल असं सांगा."

मी सांगितलं, की सकाळी सहाला पाण्याची भरलेली किटली उचलता येत नाही. किल्ली कुलपात जाते, फिरत नाही. टूथपेस्टचं झाकण दातांनी उघडतो. ती लिहून घेत होती, मागून टकटक ऐकू येत होती. मग म्हणाली, "नियम म्हणून विचारावंच लागतं. तुम्ही नापास केलेल्या त्याच काट्यावर सांगा. आज दुखणं किती?"

"आठ," मी म्हणालो.

ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

धाकटा

१५ जुलै

ताई,

मंजूर!

आता पुढचं ऐक. माझं जुनं इंजेक्शन नाही मिळालं. त्यांच्या यादीतलं दुसरं दिलंय, महिन्यातून एकदा टोचायचं. तेही सहा महिन्यांपुरतं. जानेवारीत पुन्हा सगळे कागद. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो, रक्त, सगळं नव्याने तपासून घेतलं. त्या म्हणाल्या, हे वेगळ्या वाटेने काम करतं, तुम्हाला लागू पडेल की नाही ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. मी विचारलं, "जुनं लागू होतं, मग ते का नको?" त्या म्हणाल्या, "ह्याला वैद्यकीय उत्तर नाही." त्यांचा हा खरेपणा मला आवडला.

काल पहिलं इंजेक्शन घेतलं. फ्रिजच्या दारातून लिंबं बाहेर काढली. तपासणी १७ ऑक्टोबरला आहे. नोंदी चालू ठेवल्या आहेत. आज सकाळी सहाला चार किलो दोनशे.

धाकटा

१८ ऑक्टोबर

ताई,

वाकून नमस्कार. तुझी तीन पत्रं आली आणि मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. अर्धवट माप कुणाला सांगू नये, असं आमच्याकडे आहे.

ऑगस्टमध्ये आठपर्यंत आलो आणि तिथेच अडकलो. पाच आठवडे काटा हलेना. त्या दिवसांत देवापुढे बसून मी भांडलो, खोटं कशाला सांगू. एरवी इतकी वर्षं मी एकटाच गप्प बसायचो. भांडायला लागल्यावर जरा सोबत वाटली. सप्टेंबरच्या मध्यावर बारा झाले. मग पंधरा.

काल साहेबांनी रजिस्टर उघडलं. सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले नाहीत, उलट भिंगच घेऊन बसले. पहिल्यांदा दाबला: एकोणीस. दुसऱ्यांदा: एकोणीस दोनशे. तिसऱ्या वेळी मनगटातून कळ गेली, काटा सतरावर थबकला आणि मग सावकाश वर सरकला. अठरा चारशे. साहेबांनी सर्वांत कमी तो आकडा लिहिला आणि म्हणाले, "जा, कामाला लाग."

जुने तीस नाहीत ते, आणि कदाचित कधी येणारही नाहीत. जुन्या इंजेक्शनसाठी वेगळं अपील करायचं ठरवलंय. कंपनीचा ह्या महिन्याचा फॉर्मही भरला. पाचवर गोल केला, शेजारी किलोत पकड लिहिली आणि खाली "तपासून दिले" लिहून सही ठोकली. त्यांच्या फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती, समासात लिहिलं.

फळीवरचं ते सुटलेलं सील तिथेच राहू दिलंय.

ह्या पाकिटाच्या तोंडाला तार ओवून सील लावलं आहे. हाताने दाबलंय, माझ्याच. ओढून बघ.

धाकटा

२६ ऑक्टोबर

धाकट्या,

पोस्टमन म्हणाला, "आजी, ह्यात काय सोनंबिनं आहे का?" म्हटलं, त्याहून वजनदार आहे, दे इकडे.

ओढलं. नाही सुटलं. दाराच्या कडीत अडकवून ओढलं, कडी हलली. मग दातांनी ओढलं. कवळी निघाली, सील नाही निघालं. शेवटी शेजारणीकडून पक्कड आणली आणि तार कापून पत्र बाहेर काढलं. एका पानात सगळं मावलंय, मुंगीएवढं अक्षर. वाचायला भिंग घ्यावं लागलं. तुझ्या साहेबांसारखं. आता मीच साहेब.

सील माझ्या टेबलावर ठेवलंय, टाइपरायटरच्या शेजारी. जानेवारी यायला दोन महिने आहेत. नोंदींच्या नकला आत्तापासून पाठवायला लाग. मी नवी फीत घालून ठेवली आहे.

ताई